आरामाला दहापैकी नऊ

"सर्व आकारांच्या हातांसाठी आरामदायी" असं त्या खोक्यावर इंग्रजीत ठळक छापलेलं होतं. वाक्य खोटं होतं आणि त्या खोटेपणात माझा मोठा वाटा होता. खोक्यात व्हिडिओ गेम खेळायचा बिनतारी कंट्रोलर होता. डेक्कनवरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात तो ठेवला होता आणि मी मोबाइलचं कव्हर घ्यायला गेले होते. काउंटरवरचा विक्रेता म्हणाला, "हातात घेऊन बघा ना मॅडम, एकदम कम्फर्टेबल आहे." मी म्हटलं, "मला नका सांगू, मला माहीत आहे." बिचारा दुखावला. मला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली मी अशीच बोलते. आमच्या सोसायटीत माझं नाव निघालं की सेक्रेटरी कपाळाला हात लावतात. लिफ्ट बंद पडली, पाणी गढूळ आलं, कचऱ्याची गाडी उशिरा आली की पहिला फोन माझा असतो. पण माझं हे तोंड फार उशिरा उघडलं आणि तोवर उजव्या हाताचा अंगठा गेला होता.

पुण्यात तेव्हा आयटीला उधाण आलं होतं. हिंजवडीकडे रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती आणि ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी पासपोर्ट काढत होतं. मी कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. केलं होतं. मोठ्या कंपन्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. शेवटी बाणेरच्या एका बंगल्यात चालणाऱ्या, तीसेक माणसांच्या छोट्या कंपनीने बोलावलं. परदेशी कंपन्यांचा माल बाजारात जाण्याआधी वापरून बघायचा आणि अहवाल पाठवायचा हा त्यांचा धंदा होता. हेडफोन, कीबोर्ड, रिमोट असं सगळं करून झालं होतं आणि आता गेमचा कंट्रोलर आला होता.

मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी तासभर सॉफ्टवेअर टेस्टिंगचे प्रश्न विचारले. मग खणातून स्टीलची पट्टी काढली आणि म्हणाले, "हात पुढे करा." मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांनी माझा हात मोजला, कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाले, "छान. आम्हाला लहान हातच हवा होता." मी समजत होते की नोकरी पदवीवर मिळाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी गेले. एक वर्ष प्रोबेशन होतं, त्यानंतर काम पसंत पडलं तर कायम करणार होते. त्या 'कायम' या शब्दासाठी मी काय काय केलं ते आता सांगते.

आम्ही धायरीत राहत होतो. बाबा तरुणपणी वर्ध्याकडून पुण्यात आले आणि धायरीतल्याच एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर लागले. पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दणका बसायचा, तुकडा काढायचा. दिवसाला हजारो दणके, आणि हे वीसेक वर्षं. त्यांचा डावा कान त्या दणक्यांनी गेला. पुढे ज्या मोठ्या कारखान्याचं काम या वर्कशॉपला येत असे, त्याने ते काम दुसरीकडे दिलं. देश खुला झाला म्हणून पेपरात कौतुक चाललं होतं, आमच्याकडे मात्र वर्कशॉपला टाळं लागलं. बाबा घरी बसले. त्यामुळे माझी नोकरी ही एकट्या माझी नव्हती. दर रविवारी विहारात वंदना झाली की बाबा उजवा कान पुढे करून उभे राहत आणि कुणीतरी माझ्याबद्दल विचारावं म्हणून वाट बघत. कुणी विचारलं की सांगत, "पोरगी कंप्युटरमधी आहे. बाहेरदेशाचं काम करते." मी दिवसभर गेम खेळते हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

वस्तू म्हणून तो कंट्रोलर मला फार आवडला होता, हे आधी कबूल करते. आधीच्या पिढीतल्या कंट्रोलरला वायर असायची. खेळणारा रंगात येऊन उठला की वायर ताणली जाऊन सगळा गेमचा डबाच टेबलावरून खाली यायचा. हा मोकळा होता. मधलं बटण दाबलं की छोटा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि स्थिर झाला की जोडणी झाली. रेंज तपासायला मी तो हातात घेऊन मागे मागे चालत बंगल्याच्या गॅलरीपर्यंत जायची, आणि आत पडद्यावरची गाडी तरीही माझं ऐकायची. आत दोन मोटरी होत्या, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी. गाडी आपटली की डावी तळव्यात घुमायची, खडीवरून गेली की उजवी नुसती गुदगुल्या करायची. मुठींना बारीक खवल्यांचं रबर होतं, घाम आला तरी घसरायचं नाही. काही वेळ हात लावला नाही तर तो आपोआप झोपी जायचा, सेल वाचावेत म्हणून. किती विचार केला होता कुणीतरी त्या वस्तूचा! आमच्या घरी कुठल्याच वस्तूचा असा विचार कुणी केलेला मी पाहिला नव्हता.

टेस्टिंगची खोली परदेशी घरासारखी सजवलेली होती. गालिचा, मोठा टीव्ही आणि लांबलचक सोफा. लोक सोफ्यात रेलून खेळतात, म्हणून आम्हीही रेलून खेळायचं होतं. आमच्या घरी सोफा नव्हता, त्यामुळे रेलायचं कसं हेही मला शिकावं लागलं. पहिला आठवडा मी काठावर ताठ बसून गाड्या पळवल्या. शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, "आपण दवाखान्याच्या रांगेत बसल्यासारख्या का बसता? इथे डॉक्टर यायचे नाहीयेत."

आता अडचण कुठे होती ते सांगते. मोठ्या हाताच्या माणसाच्या तळव्यात ती मूठ भरून बसते. माझ्या हातात ती बसत नव्हती, मी ती धरून ठेवत होते. वरची बटणं गाठायला बोटं ताणावी लागत. उजव्या अंगठ्याला तर एकट्याला दोन कामं होती, चार रंगीत बटणं आणि त्यांच्या खालची दांडी. सगळ्यांत लांबच्या बटणापर्यंत अंगठा पोचायचा तो पार ताणून, मुळापासून. त्यात दांडी आत दाबायची स्प्रिंग कडक होती. एखादा तास कुणी खेळलं तर काही बिघडत नाही. पण लहान हाताची दुसरी मुलगी होती ती तिसऱ्याच महिन्यात नोकरी सोडून बंगलोरला गेली आणि 'लहान हात' या रकान्यातली सगळी सत्रं माझ्या वाट्याला आली. दिवसाला सहा सत्रं, प्रत्येक पाऊण तासाचं.

प्रत्येक सत्रानंतर फॉर्म भरायचा. तळवा, मनगट, अंगठा, बोटं आणि एकूण आराम असे रकाने. प्रत्येकाला दहापैकी गुण. दहा म्हणजे अजिबात त्रास नाही. खाली चार ओळी मोकळ्या, काही सांगायचं असेल तर. मी सगळीकडे नऊ लिहायची. दहा लिहिले तर खोटं वाटेल एवढी अक्कल मला होती. खालच्या चार ओळी मी मोकळ्याच ठेवत असे.

माझ्यासोबत मोठ्या हाताचा एक टेस्टर होता, कसबा पेठेतला. त्याच्या आळीत सकाळपासून तांब्याची भांडी ठोकायचा आवाज. तो म्हणायचा, "आमच्याकडे इतकी ठोकाठोक असते की इथली शांतता टोचते मला." त्याला सगळंच टोचायचं. चहा पांचट, एसी थंड, सोफा मऊ. आणि फॉर्मवर तर तो निबंध लिहायचा. "करंगळीला मुठीवर जागा नाही. ती बाहेर लोंबकळते आणि अर्ध्या तासाने दुखते. गुण चार." एका सत्राला त्याने मनगटाला तीन दिले आणि खालच्या चार ओळी पुरल्या नाहीत म्हणून कागद उलटून मागेही लिहिलं. मला त्याची कीव यायची. एवढा दांडगा माणूस आणि करंगळीचं रडगाणं गातो! लाडावलेला, असं मी मनात म्हणायची आणि माझा नऊ टाकायची.

हा नऊ मी घरून आणला होता. बाबांचा नियम होता, "दुखलं खुपलं त सांगायचं नाही. आपल्याकडे बोट दाखवाले कोणाले जागा द्याची नाही." आणि हा नियम त्यांनी हवेतून आणला नव्हता. वर्कशॉपमध्ये कुणाचा खांदा धरला आणि तो घरी राहिला, तर इतर समाजातल्यांबद्दल म्हणत, "तब्येत बरी नाही त्याची." आमच्या समाजातला कुणी राहिला तर म्हणत, "यांना कामच नको असतं." एकदा एकाने मशीनला जाळी बसवा म्हणून तोंड उघडलं. दुसऱ्या सोमवारी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. बाबांनी वीस वर्षांत तोंड उघडलं नाही. आमच्या घरात पोट दुखलं तरी 'बरं आहे' म्हणायची रीत होती आणि त्या रीतीचा आम्हाला अभिमान होता.

माझ्या ऑफिसातही डबा खाताना आडनाव विचारून झालं होतं. मग, "म्हणजे मूळचे कुठले?" मग गोड हसून, "कॉलेजला ॲडमिशन कशातून?" मी म्हटलं, "मार्कांतून." एक बाई दहीभात कालवत म्हणाल्या, "आमच्याकडे एक बरंय. इथे फक्त मेरिट चालतं." मी अर्धा डबा तसाच बंद केला. त्याच दिवशी मी ठरवलं, या लोकांना माझ्याकडून 'दुखतंय' हा शब्द ऐकायला मिळणार नाही.

अंगठा सातव्या महिन्यात बोलायला लागला. एका सकाळी कुलपात किल्ली फिरेना. मला वाटलं कुलूप बिघडलं. आईने एका हाताने उघडलं. मग पिळायचे कपडे तसेच निथळत राहायला लागले. भाकरी थापताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी यायचं. मी चुलीकडे तोंड वळवून उभी राहायची. स्कूटरचं स्टार्टरचं बटण उजव्या अंगठ्याखाली, ते मी डावा हात आडवा नेऊन दाबायला लागले. आई म्हणाली, "काहून वं, सारं डाव्या हातानं करतं?" मी म्हटलं, "दोन्ही हातांची सवय असावी." संध्याकाळी बाम चोळायचा आणि सकाळी साबणाने तीनदा हात धुवायचे, कारण एसीच्या बंद खोलीत बामाचा वास लपत नाही. आणि मग ऑफिसात जाऊन सहा सत्रं खेळायची. तळवा नऊ, मनगट नऊ, अंगठा नऊ.

तेवढ्यात कसब्यातल्या त्या टेस्टरच्या करंगळीचा निकाल लागला. परदेशातून नवा नमुना आला आणि त्याची मूठ खालून बोटभर लांब होती. सोबत मेल होती, त्यात त्याच्या फॉर्मचं भरभरून कौतुक. एका माणसाच्या करंगळीने सातासमुद्रापलीकडचा साचा बदलला होता आणि माझा अंगठा माझ्याच घरात कुणाला ठाऊक नव्हता. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. ही म्हण मला शाळेपासून पाठ होती. ती पाठच राहिली.

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की ती कंपनी लहान हातांसाठी वेगळा कंट्रोलर काढायच्या विचारात आहे. मूठ बारीक, बटणं जवळ, स्प्रिंग हलकी. पण साचा नव्याने करायचा तर खरंच गरज आहे का हे त्यांना बघायचं होतं. "आपल्याकडे लहान हात म्हणजे आपणच," ते मला म्हणाले. "उद्या पाच वाजता कॉल आहे. त्यांच्याशी आपणच बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी धायरीहून निघाले ती इंग्रजीतलं एकच वाक्य घोकत. 'वीस मिनिटांनंतर माझा अंगठा दुखतो.' वारज्याच्या पुलावर ते मी मोठ्याने म्हटलं. चांदणी चौकात सिग्नलला पुन्हा म्हटलं, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. मला आतून हलकं वाटत होतं. आज सांगायचं. विचारणार आहेत, मग सांगायलाच हवं. आपण होऊन तक्रार करणं वेगळं आणि विचारल्यावर उत्तर देणं वेगळं, एवढी पळवाट मी बाबांच्या नियमातून काढली होती.

पाच वाजता आम्ही पाच जण टेबलाभोवती बसलो. स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. आवाज इतका साधा आणि मायेचा होता की आजही आठवला की मला त्रास होतो. तिने माझे आभार मानले आणि विचारलं, लहान हाताने इतके महिने खेळताना कसं वाटलं? मी तोंड उघडलं. समोर मेरिटवाल्या बाई बसल्या होत्या, हातात पेन घेऊन. त्या काही वाईट नजरेने बघत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. आणि मी म्हटलं, "आरामदायी आहे. काही अडचण नाही."

ती बाई म्हणाली, "अंगठ्यालाही नाही? आम्हाला वाटत होतं की अंगठ्याला ताण येत असेल."

तिला कळलं होतं. हजारो मैलांवर बसून, माझा हात न बघता तिला कळलं होतं आणि ती मला दुसऱ्यांदा दार उघडून देत होती. मी म्हटलं, "नाही. अंगठ्यालाही नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुमचे फॉर्मही तेच सांगतात." लहान हातांचा कंट्रोलर तिथेच बारगळला. टेबलाखाली माझा उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता.

जिना उतरताना कसब्यातला तो मागून आला. म्हणाला, "अहो, तुम्ही चहाचा कप डाव्या हाताने धरता. दोन महिने बघतोय मी. मग तिला काय सांगितलंत ते?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही करायचंय. पण आपल्याला इथे बोंबलायचा पगार मिळतो. तुम्ही सोसताय कशाला? सोसायला घरच्या घरी मिळतं की, त्यासाठी बाणेरला यायला नको."

मला त्याचा इतका राग आला की मी स्कूटर काढून निघून गेले. ज्याला आयुष्यात तक्रार केल्याची शिक्षा झाली नाही त्याने मला शिकवू नये, असं मी घरी पोचेपर्यंत मनात बोलत राहिले. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. पण माझा डावा हात त्या सगळ्या ऑफिसात फक्त त्याला दिसला होता, हेही तितकंच खरं. मी त्याचे आभार कधी मानले नाहीत.

वर्ष भरलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या फॉर्मची चळत होती. "आपल्याला नऊ हा आकडा फार आवडतो," ते म्हणाले. "मी सगळे फॉर्म चाळले. वर्षभरात कुठे आठ नाही, कुठे दहा नाही. उन्हाळा असो, सर्दी असो, नवा नमुना असो, जुना असो, आपला नऊ ढळला नाही. आम्हाला हात हवा होता हो, आपण शिस्त दिलीत. आपण खेळलात की नुसते फॉर्म भरलेत, हेच आता मला कळेनासं झालंय."

ते पुढे म्हणाले, "यातून क्लायंटला एक ओळ कळली नाही. कायम कशाच्या जोरावर करू, सांगा."

तेव्हा माझा बांध फुटला. मी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर सुपारीएवढी सूज होती. म्हटलं, "सर, माझा अंगठा गेलाय." ते खरंच दचकले. खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. "कधीपासून?" मी म्हटलं, "पाच महिने झाले." क्षणभर वाटलं हा माणूस आता काहीतरी चांगलं बोलेल. मग त्यांची नजर फॉर्मकडे गेली. त्यांनी वरचे दोन-तीन काढून माझ्याकडे फिरवले. "अंगठा नऊ. अंगठा नऊ. ही सही आपलीच ना?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर चोर मीच होते. मला काढून टाकलं असंही त्यांनी म्हटलं नाही. "आपण आपल्या हाताकडे बघा आधी," एवढंच म्हणाले. दार लावून घेताना आतून त्यांचा आवाज ऐकला, फोनवर कुणाला तरी सांगत होते, "लहान हात बघा हो कुणी असला तर."

घरी अंगठ्याचं सांगावंच लागलं. नोकरी गेली हेही सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत डॉक्टरांकडे यायला तयार होऊन बसले. हाडांच्या डॉक्टरांनी माझा अंगठा मुठीत धरायला लावून मनगट खाली वाकवलं आणि मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर किंचाळले. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या शिरा ज्या म्यानातून जातात ते म्यान सुजून आवळलंय. आता इंजेक्शन देऊ, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. "पहिल्या महिन्यात आल्या असतात तर नुसत्या विश्रांतीवर भागलं असतं. एवढे दिवस कशाच्या जोरावर काढलेत?"

बाबा चांगला उजवा कान डॉक्टरांकडे करून बसले होते. मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "आमची पोरगी कधी बोलत नाही, साहेब. लहानपणापासून सोशिक आहे." आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच अभिमान होता, रविवारी विहारात असायचा तो.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, ते कामच बोलायचं होतं." त्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणतं?" त्यांच्याशी महत्त्वाचं काही बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मी ओरडले. चारचौघांत, दवाखान्याच्या दारात. "ते कामच बोलायचं होतं! दुखतंय म्हणून सांगायचा पगार होता मला! जो रडला त्याला डोक्यावर घेतलं आणि मी गप्प बसले म्हणून मला हाकललं. तुम्ही मला गप्प बसायला शिकवलंत. तुम्ही चुकीचं शिकवलंत!" औषधाच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. वॉचमन उठून उभा राहिला.

बाबा रागावले नाहीत. त्यांच्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी बोललो असतो त तू शिकली असती काय?"

त्यांनी तोंड उघडलं असतं तर त्यांनाही गेटवरून परत पाठवलं असतं, आणि मी त्या बाणेरच्या सोफ्यावर काय, कॉलेजच्या बाकावरही बसले नसते. ज्या गप्प बसण्याने माझं शिक्षण झालं त्याच गप्प बसण्याने माझा अंगठा गेला. मला हे तेव्हाही कळलं, आणि कळून राग कमी झाला नाही.

शस्त्रक्रिया झाली. अंगठा हलतो, पण त्यात जोर नाही. लोणच्याची बरणी उघडत नाही, थंडीत पेन धरवत नाही. पुढे मी दुसऱ्या नोकऱ्या केल्या आणि बोलायला शिकले. इतकी शिकले की लोक आता मला टाळतात.

बाबा त्यानंतर सात वर्षं होते. त्या दिवसानंतर त्यांनी एक नेम धरला. मी घरी आले की विचारायचे, "अंगठा कसा आहे वं?" रोज. आणि मी रोज म्हणायची, "बरा आहे." दुखत असायचा, पावसाळ्यात तर फारच. पण मी त्यांना सांगत नसे. संकोच म्हणून नव्हे. संकोच केव्हाच सुटला होता, दिवसभर मी बँकेत, ऑफिसात, सोसायटीत तावातावाने भांडून आलेली असायची. त्यांना मात्र मी मुद्दाम त्यांच्याच रीतीने उत्तर देत होते, म्हणजे त्यांना लागावं. आणि त्यांना लागत होतं. ते दर वेळी थोडे थांबायचे, मी आणखी काही बोलेन म्हणून उजवा कान माझ्याकडे करून. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नळ्या लावलेल्या असतानाही त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि भुवया उंचावून विचारलं. मी म्हटलं, "बरा आहे, बाबा." ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले आणि मी नर्सला सलाइनबद्दल काहीतरी विचारायला वळले.